तीन फ्रॉक आणि सुईचं टोक

१२ एप्रिल, शनिवार

झाले एकदाचे! तिन्ही फ्रॉक. दोन दुर्वाचे, एक चिमीचा. पेणजवळ गडब गावी, सासरच्या घरात, माझी मोठी जाऊ राहते, मालूवहिनी, तिच्या या पोरी. एक चार वर्षांची, एक दोनची. या उकाड्यात पोरींच्या अंगाला काही सोसत नाही, म्हणून बिनबाह्यांचे शिवले. खांद्यावर बंद बांधायचे, छातीला इलॅस्टिक, खाली घेर. शिवणक्लासच्या विमलबाई म्हणतात, नव्या बाईने आधी हेच शिवायचं, यात चुकायला जागाच नाही. जागा नसली तरी मी काढते! चिमीचा एक बंद लांब, एक आखूड.

शेवटच्या फ्रॉकाला सुई मोडली. इलॅस्टिकपाशी कापडाचे चार थर आले, मशीन घेईना, मी मागून ओढलं — टक्. माझा नवरा प्रविण गडबला जायला दारात गाडी चालू ठेवून उभा. "दे लवकर, मला रात्रीच्या शिफ्टला परत यायचंय." दुसरी सुई लावली, टीप पुरी केली, पिशवीत कोंबून दिले. इस्त्री राहिली ती राहिलीच.

सात वर्षांत पहिल्यांदा त्या घरात माझ्या हातचं काहीतरी गेलं.

१३ एप्रिल, रविवार

प्रविणला विचारलं, काय म्हणाल्या? "वहिनी बोलली छान हायत." आणि सासूबाई? "आयने बघितले." बघितले म्हणजे काय ते याला सांगता येत नाही. पुरुषाला निरोप देऊन पाठवणं म्हणजे चाळणीत पाणी नेणं.

१५ एप्रिल, मंगळवार

अक्षर बघ कसं वाकडंतिकडं येतंय.

क्लासला आज खांब गावच्या एका मुलीची सुई मोडली. विमलबाईंनी सगळ्यांची मशीनं बंद करायला लावली. "टोक मिळेपर्यंत कोणी उठायचं नाय. पोराचं कापड हाय ते. अंगात गेलं म्हणजे?" सगळ्या जणी खाली वाकून शोधतोय. शेवटी कापडाच्या दुमडीतच मिळालं. तांदळाच्या कणीएवढं. बोटावर घेऊन त्यांनी सगळ्यांना दाखवलं.

शनिवारी मी वरचा तुकडा काढून फेकला. टोक कुठे गेलं ते बघितलंच नाही. बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

घरी आले ती चप्पल न काढता मशीनपाशी. प्रविणच्या जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, लादीवर फिरवलं, गोधडीवर फिरवलं, मशीनची सुईखालची पट्टी उघडून आतली धाग्यांची लव काढली. काही नाही. शनिवारचा केर रविवारी घंटागाडीत गेला.

म्हणजे टोक घंटागाडीत गेलं, नाहीतर पोरींच्या फ्रॉकात आहे.

१६ एप्रिल, बुधवार

फोन उचलायचा, सांगायचं, वहिनी, पोरींना फ्रॉक घालू नकोस, सुईचं टोक राहिलंय. एवढंच तर आहे. कोणीही सांगेल. मी सोडून.

दुसऱ्या कोणाच्या हातून राहिलं तर ती चूक. माझ्या हातून राहिलं तर करणी. सात वर्षं झाली, पदरात मूल नाही, आणि जावेच्या पोरीच्या कपड्यात सुई! माझ्या माहेरी, खाडीकडच्या आमच्या गावात, एका मुलाच्या उशीत दाभण मिळाला होता. त्याच्या काकूलाही मूल नव्हतं. तिने काही केलं होतं की नव्हतं, कोणी विचारलं नाही. विहिरीवर ती आली की बायका कळशी उचलून बाजूला व्हायच्या. मी पण व्हायचे. आई हात धरून ओढायची.

आणि सासूबाई. बायजाबाई तोंडाने वाईट बोलत नाहीत, खोटं कशाला लिहू. पण चिमीच्या बारशाला पाळण्यात घालायला पाच बायका बोलावल्या, शेजारची पण बोलावली, आणि मला म्हणाल्या, "धाकटे, तू जरा चहाचं बघ."

मी चहाचं बघितलं.

१७ एप्रिल, गुरुवार

प्रविणला सांगावं का? नको. त्याच्या पोटात काही राहत नाही. आयला फोन करून पहिलं वाक्य तेच बोलेल.

१८ एप्रिल, शुक्रवार

फोन केला. खोटं बोलले. म्हटलं, वहिनी, ते फ्रॉक परत पाठव ना, इलॅस्टिक घट्ट झालंय, ढिलं करून देते.

"नाय गो, बरे हायत."

पोरींना घातलेस? फोटो तरी पाठव.

"पाठवते."

ठेवला. नेहमी अर्धा तास बोलणारी बाई! चार शब्द बोलली आणि ठेवला. तिला सुई लागली असेल. नाहीतर दुर्वाला लागली असेल. नाहीतर सासूबाई शेजारी बसल्या असतील. स्वयंपाक करताना आमटीत दोनदा मीठ पडलं. प्रविण मुकाट जेवला, नंतर तांब्याभर पाणी प्यायला.

२० एप्रिल, रविवार

फोटो आला नाही.

२१ एप्रिल, सोमवार

क्लासला जाऊन नुसती बसून आले. पुलावर थांबून कुंडलिका नदीकडे बघत होते. विमलबाईंनी ओळखलं, "काय झालं गो? तोंड उतरलंय." म्हटलं पित्त. मशीनवर पाय ठेवते आणि काढून घेते. तो टक् आवाज ऐकू येतो.

एक विचारलं मात्र. म्हटलं, बाई, समजा एखादं टोक राहिलं कपड्यात, तर धुण्यात निघून जातं ना?

"कधी जातं. कधी आणखी आत शिरतं."

विचारायलाच नको होतं.

२३ एप्रिल, बुधवार

सासूबाईंचा फोन, प्रविणला. मी भांडी घासत ऐकत होते. दुर्वाला ताप. पाठीवर फोड आलाय, लालबुंद, हात लावू देत नाही. "रात्रभर पोर झोपली नाय. मीठ-मिरच्या उतरवल्या. कोणाची तरी नजर हाय."

पाठीवर. छातीचं इलॅस्टिक मागे पाठीवरूनच जातं.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. देवा, मला कायमचं मूल देऊ नकोस, पण तिच्या पाठीत ते नको. असलं काहीबाही बोलत होते. नवस कसला बोलायचा तेही सुचेना.

प्रविण म्हणतो, "उन्हाचं असेल, पेणला डॉक्टरकडे नेलंय दादाने. तू कशाला एवढी घाबरतेस?" मी भित्री भागूबाई आहेच म्हणून त्याला हसू येतं. हस बाबा.

२४ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरने औषध दिलं. मी विचारलं, फोड फोडला का? आतून काही निघालं का? प्रविण बघतच राहिला. "काय निघणार?"

२५ एप्रिल, शुक्रवार

रविवारी जाते गडबला. ठरलं. घरात घेतलं नाही तरी चालेल. माझ्याआधी त्या पोरीचं अंग. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या पाय मागे घेता येणार नाही.

२६ एप्रिल, शनिवार

पाय मागे घेतेय. दिवसभर तेच चाललंय. पुढच्या रविवारी गेलं तर? तोवर फोड बरा झाला असेल, आपोआप सगळं मिटलं असेल. मग वाटतं, आणि मिटलं नसेल तर?

प्रविणला म्हटलं, उद्या एकटीच जाते, दुर्वाला बघून येते. म्हणाला, "जा की. आयला बरं वाटेल." याला काय ठाऊक.

२७ एप्रिल, रविवार

पेणच्या एसटीने गेले. नागोठण्यापर्यंत मनात वाक्य जुळवत होते, गडबला उतरले तेव्हा एक शब्द आठवत नव्हता. हायवेवरून घरापर्यंत चालताना वाटत होतं प्रत्येक ओट्यावरचा माणूस माझ्याकडे बघतोय.

दुर्वा अंगणात खेळत होती. जुना टीशर्ट. धावत येऊन पायाला मिठी. मी आधी तिचा टीशर्ट वर करून पाठ बघितली. फोड सुकला होता, खपली धरलेली. उन्हाचंच होतं म्हणे, चिमीला पण आलेत दोन. आतून काही निघालं नाही. मी तिथेच खाली बसले.

सासूबाई मासळीवाल्या बाईशी घासाघीस करत होत्या. मालूवहिनी मागच्या दारी दगडावर कपडे धूत होती. गेले आणि एका दमात सांगून टाकलं. सुई मोडली, टोक बघितलं नाही, फ्रॉकात राहिलं असेल, मी मुद्दाम नाही केलं गो, शप्पथ.

तिने हातातलं कापड दगडावर टाकलं. हात गाऊनला पुसले आणि आत गेली. मला वाटलं गेली सासूबाईंना बोलवायला. आली ती हातात कागदाची बारकी पुडी घेऊन.

"हे बघ. मिळालंय मला. फ्रॉक आले त्याच संध्याकाळी. दुर्वाला घालायला गेले तर माझ्याच बोटाला टोचलं."

पुडी माझ्या मुठीत दाबली. मला उघडवेना. जिच्यासाठी बारा दिवस जळले ती एवढीशी पुडी. म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"कोणाला बोलू? आयला? परत उंबरा चढू दिला असता तुला?"

मग कपडे पिळता पिळता, माझ्याकडे न बघता बोलली. "खरं सांगू? मलापण वाटलं होतं. मूल नाय म्हणून हिच्या मनात काय आलं की काय. तिन्ही फ्रॉक पेटीत घातले, वरून कुलूप. पोरींना परत दाखवलेपण नाय. तू फोनवर परत मागितलेस तेव्हा तर जास्तच वाटलं."

काळजात सुरी फिरवल्यासारखं झालं. ही! माझ्या ऑपरेशनला चार दिवस दवाखान्यात माझ्या उशाशी बसलेली ही. राग आला, खोटं कशाला. पण त्या विहिरीवर मी तरी वेगळं काय केलं होतं.

"आता नाय वाटत," म्हणाली. "करणारी बाई एसटीने सांगायला येत नाय." आणि डोळ्यांना पाणी आलं तिच्या. माझ्या तर आधीच आलं होतं. दोघी साबणाच्या पाण्यात उभ्या राहून रडलो आणि सासूबाईंची चाहूल लागली तशा जोरजोरात कपडे आपटायला लागलो.

जेवणं झाल्यावर तिने पेटी उघडली. सासूबाईंच्या समोर. पोरींना फ्रॉक चढवले. चिमीचा बंद आखूड तो आखूडच, तिने तसाच गाठ मारून बांधला. दुर्वा गोल गोल फिरून घेर फुलवत होती. सासूबाई म्हणाल्या, "बरे शिवलेस गो. पोर हलकी दिसते." मला! आणि चिमीला उचलून माझ्या मांडीवर दिली. सात वर्षांत पहिल्यांदा आपणहून. तिच्या मानेला पावडरीचा वास येत होता. मला उठावंसंच वाटेना.

दुर्वा तर फ्रॉक काढायलाच तयार नाही. आज यातच झोपणार म्हणाली.

साडेचारची एसटी मिळाली. खिडकीत बसून येताना एकटीच हसत होते, कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं.

२७ एप्रिल, तोच दिवस, दिवेलागण

पुडी आत्ता उघडली. टाचणी आहे. अख्खी, डोक्यासकट. चुण्या धरून ठेवायला लावतो ती. काढायची राहून गेली असेल.

सुईचं टोक नाही. ते मिळालंच नाही कोणाला. आणि इतके दिवस कुलपात असलेले फ्रॉक आज पोरींच्या अंगावर आहेत, मी जाऊन सांगितलं म्हणून.

एकदा चुकून, ठीक. दोनदा चुकून म्हटलं तर कोण ऐकून घेईल?

मालूवहिनीला फोन लावला. सासूबाईंनी उचलला. त्यांनाच सांगितलं.