तपकिरी फ्रेम

दादा, तुम्ही घेऊन दिलेली काळी, जाड फ्रेम मी बदलली, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. शाळा सोडून मी कंपनीत लागलो तेव्हा पिंपरीच्या दुकानात तुम्ही ती दोन्ही हातांनी वाकवून पाहिलीत, आणि मी आरशाकडे वळलो तर म्हणालात, "तोंड काय बघतो? टिकंल का ते बघ." टिकली. तुम्ही गेलात, तरी टिकली. पण मुलगी पाहून आलो की निरोप यायचा, मुलगा चांगला आहे, पण डोळ्यांनी अधू वाटतो. शिफ्टमधला सोबती म्हणाला, "राव, ह्या चष्म्यात तू पोरगी बघायला नाही, माल रिजेक्ट करायला आल्यासारखा दिसतोस." मग रहाटणीचं स्थळ आलं. आई म्हणाली, "हे तरी घालवू नको."

सुट्टीच्या दिवशी मी एकटाच त्या दुकानात गेलो. नवी फ्रेम लावून पाहायची तर चष्मा काढावा लागतो आणि नव्या फ्रेममध्ये नंबरची काच नसते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आरशात माझा चेहरा म्हणजे नुसता पुसट गोळा. त्याच्या मागे, खांद्याशी, आणखी एक गोळा. गिऱ्हाईक असेल, असं वाटलं. दुकानदार सोनेरी काड्यांची फ्रेम माझ्या कानांवर बसवतो आणि माझ्या डोक्यावरून मागे बघून हसतो. "नको म्हणतायत." मग चौकोनी. "हीपण नको. कडक आहेत हो तुमचे वडील." तो तपकिरी फ्रेम लावतो. "हां, ही पसंत आहे. हनुवटी वर करा म्हणतायत." आणि मी करतो, दादा. फोटो काढताना तुम्ही दोन बोटांनी माझी हनुवटी अशीच उचलायचात. अंगात धुतलेला शर्ट होता, तरी तुमच्या अंगाला यायचा तसा मशीनच्या तेलाचा वास आला. चाचपडत मी जुना चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला आणि वळलो. मागे रिकामं बाकडं होतं. "आत्ता तर इथंच होते," दुकानदार म्हणाला आणि दाराबाहेर डोकावून आला.

तपकिरी फ्रेम लावूनच रहाटणीला गेलो. चहा देताना तिनं खालच्या आवाजात विचारलं, "चष्मा छान दिसतो. कुणी निवडला?" मी "वडिलांनी" म्हणून बसलो. तिच्या मामांनी कप खाली ठेवला. "वडील न्हाईत असं सांगितलं व्हतं की." आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, हेही गेलं. काहीतरी जुळवून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर ती माझ्या खांद्यामागे बघत होती. मग तिनं हळूच पदर डोक्यावर घेतला, सासऱ्यांसमोर घेतात तसा. दुसऱ्या दिवशी होकार आला.

त्या दिवशी काय दिसलं, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. तिनंही सांगितलेलं नाही. हे पत्रही ट्रंकेतच राहील, टाकणार कुठं? पण एक कबूल करतो. माझा नंबर वाढलाय. ती रोज म्हणते, "चला, नवी फ्रेम घेऊ, मी येते बघायला." मी ओव्हरटाइमचं कारण सांगतो. ती चांगलीच निवडेल, यात शंका नाही. पण चष्मा काढल्यावर आरशात आम्ही दोघंच दिसलो, तर काय करायचं, ते मला सुचत नाही.