तिसऱ्या फोटोतला समुद्र

सोमवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा तिसराच फोटो! आज सर्वेक्षणाची चौदा घरं केली, तेरा जणांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. समुद्रात पवनचक्क्या कुठे लावलेल्या आवडतील, एवढाच प्रश्न. पहिल्या फोटोत किनाऱ्याजवळ, दुसऱ्यात थोड्या आत, तिसऱ्यात इतक्या लांब की दिसतच नाहीत. एक बाई म्हणाल्या, "लांबच बऱ्या. देखावा बिघडतो." त्यांच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते! तसं म्हटलं, तर "आम्हाला नसेल दिसत, पण दिसणाऱ्यांचा विचार नको का?" चौदावे गृहस्थ डोक्यावरचा पंखा पाचवर ठेवून विचारत होते, "चक्क्याच नसलेला चौथा फोटो नाही का हो?"

देवा, संयम दे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लोकांना वाटतं, तिसऱ्या फोटोतला समुद्र रिकामा आहे. दादा — माझा थोरला भाऊ — तिथेच जाळं टाकतो. वडीलही तिथेच जायचे. चक्क्या लागल्या की होड्यांना बंदी. मग त्याने काय किनाऱ्यावर माशा मारत बसायचं? त्याला अजून काही बोललो नाही. उगाच जीव कशाला टांगणीला लावायचा!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मच्छीमारांच्या गल्लीत तिसरी चक्कर. अकरा घरं, अकरा कुलपं. पुरुष समुद्रावर, बायका मासळीबाजारात. भर दुपारी कोण भेटणार? आणि नियम असा — तीन वेळा कुलूप दिसलं की ते घर वगळा, पुढच्या गल्लीतलं घ्या. म्हणजे ज्यांचं पोट समुद्रावर, तेच यादीबाहेर! गावच्या शाळेत गुरुजींनी अशी हजेरी घेतली असती, तर निम्मा वर्ग कायमचा गैरहजर लागला असता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सुपरवायझरशी वाजलं. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी.

"काका, नियम म्हणजे नियम."

"अगं, पण जे भेटतच नाहीत—"

"म्हणूनच वगळायचे ना!"

कप्पाळ! दादा त्याच गल्लीत राहतो, हेही बोलून बसलो. शेवटी वैतागून म्हणाली, "जा रविवारी. पण भावाला पढवू नका हं."

पढवू? मी?

शनिवार, ८ फेब्रुवारी

नुसती चिडचिड. प्रार्थनेला बसलो, तरी डोळ्यांपुढे फॉर्मच.

रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारी

दहा घरं झाली! दहाही जणांनी पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. एक म्हातारबा म्हणाले, "लावा की जवळ. दिसल्या म्हणून काय डोळे झिजतात?" दादा तेवढा नव्हता. वहिनी म्हणाली, "आजही गेलेत. सुट्टी म्हणून नाहीच त्यांना. उजाडायच्या आत निघतात, भावजी." त्याची होडी पलीकडच्या बंदरात असते. तिथेच गाठतो.

रविवार, संध्याकाळी

होडी वाळूवर पालथी होती. दादा बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडत होता. पावसाळा संपल्यापासून तिथेच आहे. वहिनीला माहीत नाही. फोटो पाहून म्हणाला, "लांबचा लिही. तिकडे आता मासाच नाही." लिहिलं. मग व्यवसाय विचारला. त्याने हात पुसले.

"तिथे मात्र मासेमारीच लिही," म्हणाला.