आज किती वेळा पडली?

१२ जानेवारी, सोमवार

खुशीच्या उजव्या हाताले प्लॅस्टर. बोटापासून कोपरापर्यंत. सहा आठवडे.

खुर्ची मी ओढली.

एकदा लिहून ठेवते. बोलायले जमून नाई राह्यलं.

शुक्रवारी तिच्या चुलतभावाची हळद होती. सारे पिवळे झाल्ते. खुशी ताट घेऊन बसायले गेली आन मी मांगून प्लास्टिकची खुर्ची ओढली. बस. हे मी शंभर लोकायसंग केलं आहे. लोक धपकन पडते, शिव्या देते, मंग हासते. खुशीनं पडता पडता हात मांगं टेकवला. कट्ट आवाज आला. डीजे चालू होता तरी आला.

कोनी पाह्यलं नाई. बापूरावकाका, खुशीचे बाबा, सरळ मंडपवाल्या बंडूजीवर गेले. "मोडक्या खुर्च्या आनते काय बे लग्नात?" चार लोकांत. बंडूजी म्हने, "नाई जी, खुर्ची साबूत आहे, पाहून घ्या." कोनी आइकलं नाई. मी तिथंच उभी होती. तोंडात जिलबी होती. गिळली.

सत्तावीस तारखेले खुशीचं पोलीस भरतीचं ग्राउंड आहे. धावनं आन गोळाफेक. गोळा उजव्याच हातानं फेकते ती.

१३ जानेवारी

खुशीकडे गेलती. रडत नाई. भिंतीले टेकून बसलती.

म्हने, "जागृती, नालवाडीच्या विहारात पोरींची ज्युडोची बॅच निंघाली. माहं नाव आहे त्याच्यात. जागा फुकट जाईन. तू जाय. रोज काय शिकवलं ते मले येऊन सांग."

"मी? मले तं शाळेत पीटीच्या तासाले बी बाहेर काढत होते."

"काऊन, भेव लागते?"

जाते म्हटलं. नाई कोनत्या तोंडानं म्हनू?

रस्त्यात शुभम भेटला. खुशीचा मामेभाऊ. हळदीत व्हिडिओ तोच काढून राह्यला होता. म्हटलं, दाखव. म्हने, डिलीट केला, खुशीताईनं करायले लावला, रडताना दिसत होती म्हने.

बरं झालं.

बरं झालं असं लिहिलं खरं. वाटलं काईच नाई.

१५ जानेवारी

पयला दिवस. मॅडमचं नाव रंजिता. आवाज असा का विहारातला पंखा हालन. मले वाटलं लाथा-बुक्क्या शिकवन. नाई. म्हने, "दहा दिवस फक्त पडायचं."

पाठ गोल. हनुवटी छातीले. नजर कंबरेले बांधलेल्या पट्ट्याच्या गाठीवर, म्हंजे डोकं आपटत नाई. दोन्ही हात बाजूनं गादीवर सपाट मारायचे.

मंग म्हने, "हात मांगं टेकवायचा नाई. पडनारा मानूस पयले हेच करते. सारं वजन मनगटावर येते आन मनगट जाते."

साऱ्या पोरी आपापलं मनगट पाहू लागल्या. मी गाठ पाहत होती. पांढरी गाठ.

माही जोडीदार छायाकाकू. भाजी इकते. पहाटे चारले एकटी बाजाराले निंघते म्हनून आली. साडीच्या आत पोरीचा पायजमा घातलता. मॅडम म्हने, "काकू, जमन का तुम्हाले?" तं म्हने, "बाई, मी कोबीच्या पोत्यासकट नालीत पडून आली आहे. हे तं गादी आहे."

सारे हासले. मी बी तोंड हासल्यासारखं केलं.

संध्याकाळी खुशीले सारं सांगतलं. हनुवटी, गाठ, पाठ. हात टेकवायचं सोडून.

तिनं इचारलं, "आज किती वेळा पडली?"

"एकवीस."

डाव्या हातानं स्केचपेन घेतला आन प्लॅस्टरवर लिहिलं, २१. पयलीतल्या पोरासारखं वाकडं.

१९ जानेवारी

४०. हात लाल झाले. छायाकाकू म्हने, "तुले लागत नाई काय वं? मी तं रात्री तेल लावून झोपतो."

लागत नाई. खरंच नाई लागत. मी अजून जोरात मारून पाह्यलं.

२२ जानेवारी

मॅडमची चप्पल दाराशीच होती. माह्या खिशात रबराची पाल. कोनी पाहत नव्हतं. एवढं सोपं काम मले जन्मात भेटलं नाई.

पाल खिशातच राह्यली.

३३.

२७ जानेवारी

आज ग्राउंड होतं.

खुशीची आई सांगे, पोरगी पहाटे पाचले उठली आन बूट घालून बसली. एका हातानं लेस बांधली. अर्धा तास लागला. उजाडल्यावर सोडली.

पुढची भरती कधी निंघन कोनाले माहीत.

संध्याकाळी इचारलं, "किती?"

"अडतीस."

लिहिलं.

२ फेब्रुवारी

क्लासले जाताना बंडूजी दिसला. कोनाचं तरी बारसं होतं, मंडप लागलता. सारे पोट्टे चहा पिऊन राह्यले होते आन बंडूजी एकटा एकेका खुर्चीवर बसून पाहून राह्यला होता. बसे. हाले. उठे. मंग पुढची. आधी असं कधीच नाई करे. आधी तं ढिगावरून फेके खुर्च्या.

मी पानठेल्याच्या मांगं उभी राह्यली. साठ खुर्च्यापर्यंत मोजलं. मंग निंघाली. उशीर झाला म्हनून मॅडमनं दहा वेळा जास्त पाडलं.

संध्याकाळी ठरवून गेलती का आज सांगायचंच.

"खुशी."

"काय?"

माह्याकडंच पाहून राह्यली होती. पेनाचं झाकन उघडून.

"काई नाई. शेहेचाळीस."

११ फेब्रुवारी

आता फेकनं शिकवून राह्यले. दुसऱ्याची बाही पकडायची, कंबर आत घालायची, उचलायचं. छायाकाकूनं मले उचलून असं टाकलं का पाहायले आलेली तिचीच पोरगी टाळ्या वाजवायले लागली. काकू म्हने, "आता येऊ दे बाजारात कोनी, इचारतो त्याले वांग्याचा भाव." खुशीच्या घरी गेल्यावर मी हे तिले करून दाखवलं. खुशी हासली. हळदीनंतर पयल्यांदा.

मंग जेवायले उठली. बसायच्या आधी डावा हात मांगं नेला, खुर्ची चाचपली, मंग बसली. आता रोज असंच बसते. मी समोर असली तरी.

प्लॅस्टरवर जागाच नाई उरली. आजचा आकडा अंगठ्यापाशी लिहिला.

१८ फेब्रुवारी

मॅडमनं आज खुर्ची आनली. लाल. प्लास्टिकची.

म्हने, "रस्त्यावर कोनी सांगून पाडत नाई. एकीनं बसायचं, दुसरीनं मांगून ओढायची. पाहू, शिकलेलं आठवते का."

छायाकाकू खुर्चीसमोर उभी झाली. म्हने, "ओढ वं." आन बसायले लागली.

माहा हात खुर्चीच्या पाठीवर होता. शंभर वेळा केलेलं काम. बोटंच वळली नाई. काकू आरामात खुर्चीत बसली आन मांगं पाहू लागली. "काय वं, झोपली काय?"

दुसऱ्यांदा बी तेच. तिसऱ्यांदा मॅडम ओरडली, "जागृती, ओढ!" साऱ्या पोरी पाहून राह्यल्या. नाई जमलं.

मंग उलटं केलं. मी बसली, काकूनं ओढली.

हनुवटी बरोबर. गाठ दिसली. हात बाजूले. काई मोडलं नाई. एवढं सोपं होतं ते. खुशीले कोनी शिकवलं असतं तं.

मी गादीवरून उठलीच नाई. मॅडम जवळ आली. "लागलं काय?"

"हो."

"कुठं?"

काकूनं पदरानं माहं तोंड पुसलं.

खुशीकडे गेली नाई आज. आकडा द्यायचा राह्यला. एक.

२० फेब्रुवारी

प्लॅस्टर निंघालं. हात बारीक झाला. मी उभ्यानंच सांगतलं. खुर्ची मी ओढली.

"माहीत आहे," खुशी म्हने. "व्हिडिओत दिसली तू. मीच डिलीट करायले लावला, बाबानं पाहू नये म्हनून. मले वाटलं चार दिवसात सांगशील."

कापलेलं प्लॅस्टर माह्या हातात देल्लं. २१ पासून सारे आकडे. मी खाली बसायले गेली तं बसू नाई देल्लं.

"पयले बंडूजीले सांगून ये. बाबाच्या समोर. मंग येजो."