मंगलाष्टकांपुरता आवळलेला व्हॉल्व्ह

मी, इंद्रभान तुळशीराम गाभणे, वय वर्षे एकाहत्तर, एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला मेकॅनिक, राहणार मंगरूळपीर, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरच्यांना त्याबद्दल शंका असते, म्हणून त्याच्या दोन प्रती काढल्या.

१. राहते घर पत्नी ललिता हिच्या हयातीत तिचे, तिच्या पश्चात मुलगी मंजुषा हिचे. मंजुषाने अकोल्यात बसून घर विकण्याची बोलणी आताच सुरू करू नयेत. बँकेत जे आहे तेही ललिताचेच. तिथे काय आहे हे तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

२. सर्व पाने-पकडी, आटे पाडायचे डाय आणि पत्रा कापायची कात्री माझे मित्र शेख गफ्फार कल्हईवाले यांना द्यावी. माझ्या प्रत्येक कॉफी मशीनच्या बॉयलरला आतून कल्हई त्यांनीच केली. मदनसिंग भंगारवाल्याला काहीही देऊ नये. बंद पडलेल्या हॉटेलातली इटालियन मशीन त्याने मला विकली आणि तिचा पितळी घुमट काढून स्वतःच्या दिवाणखान्यात ठेवला. तो घुमट मशीनचा आहे, त्याने तो मुकाट्याने परत करावा.

३. मागच्या खोलीत सहा मशिनी आहेत. लग्नात मांडवाच्या तोंडाशी घरघरत असते ती एक्स्प्रेसो कॉफीची मशीन, तशा पाच, आणि सहावी ती इटालियन, दांडा ओढायची. भंगारातून आणून मी त्या उभ्या केल्या. गॅस्केट कापली, नळ्या बदलल्या, गेज जुळवले, पितळ घासून घासून बोटांची कातडी गेली. पण अकरा वर्षांत त्यांतली एकही मी पेटवलेली नाही. ललिताने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली आहे, "या घरात वाफ धरली तर माहं मेलं तोंड पाहान." मशीन चालते की नाही हे वाफ धरल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी एक पूर्ण करतो, पुसतो आणि पुन्हा खोलतो. त्या खोलीत माझा जीव गुदमरतो, आणि दुसरीकडे कुठे करमतही नाही.

४. या सहाही मशिनी माझा मेहुणा भागवत रामकिसन इंगोले, राहणार केनवड, यास द्याव्यात. कारण लिहिणे भाग आहे.

अकरा वर्षांपूर्वी केनवडच्या एका लग्नात कॉफीचे काम भागवतचे होते आणि मशीन मी दुरुस्त केलेली. मंगलाष्टके सुरू झाली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी मारू लागला. भटजींनी डोळे वटारले. नवरीच्या मामाने येऊन हात जोडले, "थे वाफ बंद करा ना बाप्पा." जाणता कॉफीवाला अशा वेळी आच कमी करतो. मी पाना घेऊन व्हॉल्व्हच आवळला, मंगलाष्टकांपुरता. मग अक्षता टाकायला पुढे गेलो, ओळखीचे लोक भेटले, बोलत उभा राहिलो आणि विसरलो. भागवत कप भरायला आला तेव्हा बॉयलरचे झाकण उडाले. त्याचा उजवा हात आणि अर्धा चेहरा भाजला.

सगळे म्हणाले, भागवतनेच आवळला असणार. त्याला पुन्हा कोणी लग्नाचे काम दिले नाही. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी गप्प राहिलो, आणि एकदा गप्प राहिल्यावर तोंड उघडायला जागाच उरली नाही. ललिताला सांगावे तर भाऊ तिचा. शपथ घालताना तिला वाटत होते की ती मला वाचवते आहे. मला त्याची फार लाज वाटते. हे कलम माझ्या तेरवीला, पंगत बसण्याआधी, सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

५. पुरवणी. वरील मजकूर आज सकाळी पूर्ण झाला. गफ्फारभाई साक्षीला आले, ठरलेला दुसरा साक्षीदार आला नाही. तेवढ्यात भागवत बहिणीसाठी तुरीच्या शेंगा घेऊन आला. गफ्फारभाई म्हणाले, यालाच सही करू द्या. मला तोंडाने सांगणे जमले नाही, मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने चौथे कलम दोनदा वाचले.

"मले मालूम होतं, भाऊजी," तो म्हणाला. "दवाखान्यात आले तवा पाना तुमच्या खिशातच होता."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुमी सांगान म्हनून थांबलो."

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचे नाही, असे वकीलसाहेबांनी बजावले आहे; म्हणूनच गफ्फारभाईंची हत्यारे मी त्यांना आधीच हातोहात देऊन टाकली. ते मी भागवतला सांगितले. त्याने ऐकून घेतले, पेन डाव्या हातात धरले आणि साक्षीदाराच्या जागी सही केली.

"मशिनी राहू द्या तुमच्यापाशी," तो म्हणाला. "अन् तेरवीची वाट कायले पाहाता? ताई अंदर शेंगा सोलून राह्यली."

ललिता आतून दोनदा विचारून गेली, कसले कागद आहेत. मी अजून खुर्चीतच बसलो आहे.

येणेप्रमाणे लिहिले ते माझे मला वाचून बरोबर वाटले, म्हणून दोघा साक्षीदारांदेखत सही करतो.

ठिकाण: मंगरूळपीर
दिनांक: १२ डिसेंबर २०२५

इंद्रभान तुळशीराम गाभणे

साक्षीदार:
१. शेख गफ्फार, कल्हईवाले, मंगरूळपीर
२. भागवत रामकिसन इंगोले, केनवड (सही डाव्या हाताची)