भिंगरी आणि दुसरा बूट

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (कागदावर कशी वाकतेस, म्हणशील, पण वाकले आहे असं समज.) तब्येत बरी आहे ना? आधी एक दुरुस्ती. दादाची मुलगी, आपली भिंगरी, कुणाचं ऐकत नाही असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक होतं. ती ऐकते. 'दात घास, मोजे घाल, बूट घाल' म्हटलं की लगेच निघते. वाटेत नळाचा थेंब दिसतो, आणि पुढचं सगळं त्या थेंबात वाहून जातं.

तिच्या बालवर्गाच्या बाई म्हणाल्या, आपल्या डोक्यात कामं आपोआप ओळीने लागतात, हिच्या लागत नाहीत. ती ओळ चित्रं काढून भिंतीवर लावा. तू मला घरी बसवून सगळं शिकवलंस, चित्रकला सोडून. तरी काढली. बूट मात्र एकच (दुसरा जमेना). सोमवारी भिंगरी दात घासून, मोजे घालून, एका बुटात दारात हजर!

"अगं, दुसरा?"

तिने मला भिंतीपाशी नेलं, चित्रावर बोट ठेवलं. "एकच आहे, आतू."

एकच होता. आत्या, ती तशीच शाळेत गेली, दुसरा पिशवीत घेऊन मी मागे. घरी येऊन घाईने चित्रात दुसरा बूट काढला. मंगळवारी ती एका पायात बूट आणि हातात बटाटा घेऊन आली. (चित्र पाहिलं. चूक तिची नव्हती.)

दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. पण आरडाओरडा न होता तिने सगळी कामं ओळीने केली, हे त्याला दिसलंच नाही. बाईंनी तज्ज्ञांना दाखवा म्हटलं, एडीएचडी आणि ऑटिझम हे शब्द उच्चारले, तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. "माझ्या पोरीला काही झालेलं नाही. लाडावलीये, बस!" वहिनी तेच ताट पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मला झोप नाही. आपणच बाऊ करतोय का, असं सारखं वाटतं. पण काल दूध सांडलं तेव्हा भिंगरी स्वतःलाच 'वेंधळी कुठली' म्हणाली, अगदी दादाच्या आवाजात.

तुझी,
धाकटी

ता. क. बटाट्याची गंमत सगळ्यांना सांग.

ता. क. पुन्हा. हे सांगू नकोस. वहिनीने आणि मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दादाला आदल्या दिवशी, जेवण झाल्यावर, मीच सांगणार. पण तुझ्यासमोर त्याचा आवाज चढत नाही. तू तेव्हा येऊन नुसती खोलीत बसशील का? तो आला तर चौघं, नाही तर आम्ही तिघी निघू: गुरुवारी, अठरा तारखेला.