तंबोरा कोणाच्या नावे लिहावा

मी, कानिफनाथ रामभाऊ धांडे, वय अठ्ठावन्न, धंदा संगीतशिक्षक, राहणार कर्जत, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. बुद्धी ठिकाणावर आहे असे वकीलसाहेबांनी आवर्जून लिहायला सांगितले आहे. ती आहे, पण एका बाबतीत गेले काही महिने तिची नुसती ओढाताण चालली आहे, ते पुढे येईलच. घशाच्या आजाराने आवाज गेला, बोलणे पाटीवर लिहून चालते, आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात. तेव्हा निरवानिरव केलेली बरी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. कर्जतचे राहते घर, मागच्या पडवीच्या खोलीसह, माझी पत्नी रंगुबाई हिला. सदर मिळकत स्वकष्टार्जित आहे असे लिहायचे असते. कष्ट कोणाचे, असे कोणी विचारले तर मात्र माझी पंचाईत होईल. मी चार दिवस इथल्या विद्यालयात पाचवी ते सातवीला गाणे शिकवी आणि दोन दिवस एस.टी.ने नगरला जाऊन कॉलेजात विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचे तास घेई. घर उभे राहत होते तेव्हा गवंड्याच्या मागे उभी होती ती रंगुबाई. आम्हाला मूलबाळ नाही.

कलम २. वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा धाकटा भाऊ सहादेव याला. मी गाणे शिकायला निघालो तेव्हा "तमाशात तरी घेतील का ह्याला?" असे तो भर चावडीवर म्हणाला होता. ते मी विसरलेलो नाही. पण जमीन त्याने कसली, ती त्यालाच शोभते. ते बोलणे त्याने परत घ्यावे. ही अट नाही, इच्छा आहे.

कलम ३. माझी बाजाची पेटी विद्यालयाला. तिच्यावर कोणी बसू नये, चहाचे कप ठेवू नयेत. हेडमास्तर सूर्यभान काकडे यांनी एका पंधरा ऑगस्टला तिच्यावर उभे राहून झेंड्याची अडकलेली दोरी सोडवली होती. ते आत्ता समोरच बसले आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही.

कलम ४. तंबोरा माझा शिष्य गोरक्षनाथ विठोबा भापकर याला.

कलम ५. कलम ४ तूर्त धरू नये. खोडाखोड केली तर पुढे लोक शंका काढतात, असे वकीलसाहेब म्हणतात. म्हणून खोडत नाही, कारण सांगतो.

गोरक्षनाथ हा कॉलेजातला माझा विद्यार्थी. संगीत घेऊन बी.ए. झाला, पहिला आला, आता तिथेच शिकवतो. एका गुरुपौर्णिमेला चार लोकांसमक्ष मी त्याच्या मनगटाला गंडा बांधला, म्हणजे हा माझा शिष्य हे जाहीर झाले. विद्यापीठाच्या यादीतले सगळे राग त्याला येतात, आणि चांगले येतात. आजारपणात दर रविवारी नगरहून येऊन तंबोरा लावतो, वाजवत बसतो, माझे पाय दाबतो. आजही आला आहे. त्याच्यात खोट काढायला जागा नाही. असती तर माझे काम सोपे झाले असते.

दुसरी चांगुणा. ऊस तोडायला जाणाऱ्या छगन सुपेकर याची मुलगी. दसरा झाला की हे कुटुंब कारखान्यावर जाते ते उन्हाळ्यात परत येते. त्यामुळे चांगुणा वार्षिक परीक्षेला कधीच नसते आणि सहावीतच राहते. सहावीचा संगीताचा अभ्यासक्रम मीच आखलेला आहे: पहिल्या सत्रात भूप, दुसऱ्यात यमन. म्हणजे चांगुणाच्या वाट्याला भूप, पुढच्या वर्षी पुन्हा भूप, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तोच. शेवटी मलाच ओशाळल्यासारखे होऊन मी म्हणालो, "पोरी, तुला कंटाळा आला असेल."

"न्हाई गुर्जी," ती म्हणाली. "माझा गंधार अजून नीट बसला न्हाई."

हे ऐकून मी वर्गाबाहेर येऊन उभा राहिलो. माझ्या गुरूंनी, बुवांनी, मला अडीच वर्षे भूपच शिकवला होता. दुसरे काही मागितले की म्हणत, "अजून गंधार बसला नाही." मी मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटे मोडत असे. पुढे शिक्षक झालो तेव्हा ठरवले, मुलांचे असे हाल करायचे नाहीत. सत्रे पाडायची, यादी करायची, पुढे सरकायचे. कॉलेजात तर विद्यापीठाचीच यादी होती. आणि ज्या तालमीला मी रामराम ठोकला, तीच या मुलीला मिळाली. मी दिली म्हणून नव्हे, ऊसतोडीमुळे. तिचा भूप ऐकला की बुवा समोर येऊन बसल्यासारखे वाटते. गोरक्षनाथ गायला लागला की ऊर भरून येतो. मग मी शिकवले ते कोणाला? जे आखून शिकवले ते खरे, की जे नकळत घडले ते? मला खरोखर कळत नाही, आणि न कळता मरायचे फार जिवावर येते.

कलम ६. तंबोरा चांगुणाला.

हे वकीलसाहेबांनी वाचून दाखवल्यावर छगन, जो साक्षीसाठी आला आहे, हात जोडून म्हणाला, "गुर्जी, पालात आमाला पाय पसरायला जागा न्हाई. एवढा भोपळा कुठं ठिवू? बैलानं एक लाथ घातली की संपलं." त्याचे बरोबर आहे. कलम ६ मागे घेतो.

कलम ७. यावर रंगुबाई आतून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तंबोऱ्याचं काय घिऊन बसलाय? पोरगी ह्या दसऱ्याला जाती का ऱ्हाती, ते इचारा की आधी. तिला ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. मला बी सोबत हुईल."

छगन म्हणाला, "आन् मोळ्या कोन बांधनार?" त्याने डोक्याचे मुंडासे सोडून पुन्हा बांधले. मग तोच खाली बघत म्हणाला, "बरं. तिच्या आईला मी सांगतो." सबब पडवीची खोली चांगुणाचे शिक्षण पुरे होईपर्यंत तिच्या राहण्याकडे असावी आणि पोस्टातली माझी शिल्लक रंगुबाईने दोघींसाठी वापरावी. हे एवढे एकच कलम लिहिताना माझा हात अडला नाही.

कलम ८. तंबोऱ्याचे अखेरचे. गंडा बांधणे म्हणजे शब्द देणे, आणि दिलेला शब्द मरताना मोडू नये. तंबोरा गोरक्षनाथाला. काही कारणाने त्याला तो मिळू न शकल्यास चांगुणाला. मन शांत झाले असे म्हणवत नाही. आता यापुढे बदल नाही.

कलम ९. वकीलसाहेबांनी आत्ताच सर्वांना मोठ्याने समजावून सांगितले आहे की, मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेली वस्तू त्याला मिळत नाही. म्हणून साक्षीला छगन सुपेकर, ज्याला मी काही दिलेले नाही, आणि हेडमास्तर काकडे. पेटी शाळेला दिली आहे, हेडमास्तरांना नाही, हे त्यांनी कृपया ध्यानात ठेवावे.

वरील मजकूर वाचून, जसा आहे तसा कबूल करून, खाली सही करतो.

कानिफनाथ रामभाऊ धांडे

स्थळ: कर्जत
रविवार, दिनांक १२ सप्टेंबर १९७१

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:

१. छगन सुपेकर, राहणार कर्जत. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

२. गोरक्षनाथ विठोबा भापकर, राहणार अहमदनगर. हेडमास्तर सही करायला वाकले होते, त्यांच्याकडून पेन मी मागून घेतले. कलम ९ मधला नियम मी ऐकला आहे आणि मला तो समजला आहे. चांगुणाला तंबोरा लावायला पुढच्या रविवारपासून शिकवीन.