पेपरमिंटच्या खिशातलं वॉशर

ती. नेलाताईस धाकट्या यान्नाचा नमस्कार.

क्राइनच्या डोळ्यांतला मोतीबिंदू सोडला, तर देवाच्या कृपेने आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझा खुबा कसा आहे? मागल्या पत्रात तू लिहिलंस, की बस बंद झाली, क्राइनला गाडी चालवता येत नाही, तेव्हा आता आपली भेट स्वर्गातच. ताई, स्वर्गावर माझा पूर्ण भरवसा आहे, पण एवढी घाई कसली? मी परवाना काढला (दुसऱ्या खेपेला), आणि शनिवारी क्राइनची साइडकारची मोटारसायकल अंगणात ओढली.

दोन वर्षं उभ्या गाडीचं आधी तेल बदलावं, असं पुस्तकात आहे. क्राइन खिडकीतून म्हणाले, मेकॅनिकला बोलाव, तू जन्मभर वाटाण्याचं सूप ढवळलंस. मी म्हटलं, गाळ तिथेही तळाशीच बसतो. इंजिन कोमट केलं, खालचा बोल्ट सोडला, काळं तेल जुन्या पातेल्यात धरलं. बोल्टचं पांढुरकं वॉशर हरवू नये म्हणून दाराशी टांगलेल्या चर्चच्या कोटाच्या खिशात टाकलं (त्या खिशातून आजवर काही हरवलेलं नाही) आणि साफ विसरले. संध्याकाळपर्यंत अंगण चाळलं. मग रविवार लागला. आपल्याकडे रविवारी, देवाच्या दिवशी, कोण पाना उचलतं?

प्रवचनाचा पहिला मुद्दा संपताच नेहमीप्रमाणे बाकाबाकांवर पेपरमिंट फिरले. मीही न बघता खिशातून (मी सुटेच घेते, बिनकागदाचे) एक काढून शेजारी बसलेल्या बालकाकांना दिला. वय एक्याऐंशी, दात बसवलेले. प्रवचनात तोंडातलं बाहेर काढणं शोभत नाही, म्हणून ते दुसरा आणि तिसरा मुद्दा कटकट वाजवत बसले. निघताना चर्चच्या दाराशी त्यांनी माझ्या हातात रुमाल ठेवला.

"यान्ना, तुझी गोळी घरी ने. दोन मुद्दे चघळली, तरी होती तेवढीच आहे."

रुमाल उघडला आणि मी मोठ्याने देवाचे आभार मानले. पाळकांना वाटलं, प्रवचन लागलं. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. (उद्या जाऊन खरं सांगणार आहे.)

आज सकाळी वॉशर उकळत्या पाण्यातून काढलं, बसवलं, नवं तेल भरलं. तिसऱ्या किकला गाडी सुरू! क्राइन मोज्यांवरच बाहेर आले, इंजिनला कान लावून बराच वेळ वाकले. मग म्हणाले, "माझी टोपी कुठाय?" आणि साइडकारमध्ये जाऊन बसले.

शुक्रवारी जेवायला येतो.

तुझी, इथेच भेटणारी,
यान्ना

ता. क. पुस्तकाची दोन पानं तेलाने चिकटली होती, ती आत्ता सुटली. वॉशर दर वेळी नवं घालावं, असं तिथे आहे.

ता. क. दाजींच्या खिळ्या-बोल्टांच्या पत्र्याच्या डब्यात तसलं नवं वॉशर असेल तर काढून ठेव. नसलं तर ते मिळेपर्यंत आम्हाला तुझ्याकडेच राहावं लागेल. डबा फार शोधू नकोस.